कच्चं मराठीत, पक्कं कन्नडात

“पाय माझे, तोंड ज्याचं त्याचं,” असं आमचे पीटीचे मास्तर म्हणायचे. म्हणताना उजव्या हाताचा तळवा जमिनीकडं करून हवा हलकेच खाली दाबायचे. सकाळच्या प्रार्थनेला साडेचारशे मुलं मैदानात असायची. मास्तरांचा तळवा खाली गेला की सगळी चुळबुळ थांबायची. गळ्यात शिट्टी असून प्रार्थनेच्या वेळी ती त्यांनी कधी वाजवली नाही. “शिट्टीनं कुत्रं बी थांबतंय,” म्हणायचे. “पोरं हातानं थांबली पाहिजेत.”

असे मास्तर तुमच्याही शाळेत असतील, म्हणून वर्णन फार करत नाही. उन्हानं रापलेले, कॅनव्हासचे बूट खडूनं पांढरे केलेले, एका खिशात सेफ्टी पिना आणि दुसऱ्यात ग्लुकोजची बिस्किटं. पिना मुलींच्या ओढण्यांसाठी, बिस्किटं उपाशीपोटी येऊन चक्कर येणाऱ्यांसाठी. पोर जमिनीवर पडायच्या आधी मास्तर तिथं पोचलेले असायचे. तुम्हाला आधीच कसं कळतं, असं मी एकदा विचारलं.

“पडणारं पोर आधी मान सोडतंय, बाई. मानंकडं बघायचं.”

मी गणिताची बाई. माझा सगळा जन्म मुलांच्या वह्यांत बघण्यात गेला. मुलांना माना असतात हे मला मास्तरांनी दाखवलं.

शाळा बनशंकरीतली, सरकारी, कन्नड माध्यमाची. मी बेळगावची, मास्तर निपाणीकडचे. नोकरीनं दोघांनाही बंगळुरात आणून टाकलं होतं. स्टाफरूममध्ये खिडकीजवळ दोन खुर्च्या होत्या, तिथं डबा खाताना आमची मराठी चालायची. बाकीचे चिडवायचे, “शुरू आयतु निम्म मराठी!” म्हणजे झाली तुमची मराठी सुरू. मास्तर हात वर करून “स्वल्प, स्वल्प” म्हणायचे, थोडीशीच, आणि मग घंटा होईपर्यंत थांबायचे नाहीत.

त्या खुर्च्यांवर मी काय काय बोलले याचा हिशेब नाही. मुख्याध्यापिकांच्या साड्यांपासून माझ्या नवऱ्याच्या घोरण्यापर्यंत सगळं. माझ्या ऑपरेशनच्या आधी मला वाटलेली भीती मी घरी बोलले नव्हते, ती मास्तरांजवळ बोलले. तेही बोलायचे. मुलगा बापाशी इंग्रजीत बोलतो, सून कन्नडात. त्यांच्या बायकोला, म्हणजे वहिनींना, गावाकडची इतकी आठवण येते की कधी कधी त्या निपाणीच्या बसचा बोर्ड बघायला बसस्टँडवर जाऊन येतात. शाळेत तिसऱ्या कुणाला मराठी येत नव्हती. भिंतींना कान असतात म्हणतात, पण आमच्या भिंतींचे कान कन्नड होते. मी बिनघोर होते.

मास्तरांची एक गंमत सांगते. स्वातंत्र्यदिनाच्या आदल्या दिवशी झेंडा फडकवायची तालीम व्हायची. तालमीला खरा झेंडा वापरायचा नाही, हा त्यांचा नियम. घरून लाल पंचा आणायचे, त्याची झेंड्यासारखी घडी घालून आत फुलं भरायचे आणि दोरीला बांधायचे. एका वर्षी खात्यातले एक साहेब न सांगता आदल्या दिवशीच तपासणीला टपकले. ते फाटकातून आत येतायत आणि इकडं मास्तरांनी दोरी ओढली. पंचा फडफडला, फुलं पडली, आणि साहेब जागच्या जागी ताठ होऊन सलाम ठोकून उभे. पंच्याची किनार दिसली तसा त्यांचा हात हळूहळू कानामागं खाजवायला गेला. आम्ही बायकांनी पदरात तोंडं लपवली. मास्तर हसले नाहीत.

“साहेब उभे झकास राहिले,” डबा उघडताना ते मला म्हणाले. “पंच्याला राहिले तर काय झालं? उभं राहणं आतनं यावं लागतंय, बाई. आतनं आलं त्येंचं.”

अशा माणसावर विश्वास टाकायला काय हरकत होती, तुम्हीच सांगा.

एस्तर आठवीत आली ती जूनमध्ये. बारीक चणीची, तेल लावून घट्ट दोन वेण्या. पहिल्याच दिवशी राष्ट्रगीताला ती सावधान उभी राहिली, हात अंगाला सरळ, नजर समोर, आणि ओठ मिटलेले. मास्तरांच्या नजरेतून कोण सुटतंय? प्रार्थना संपल्यावर त्यांनी तिला बाजूला घेतलं. ती न घाबरता म्हणाली, “सर, मी उभी राहीन. रोज राहीन. पण आमच्यात स्तुतीचं गाणं फक्त देवाचं म्हणतात. मला गाता येणार नाही.” त्यांचा ख्रिस्ती लोकांतला एक लहानसा पंथ होता. आई दवाखान्यात आयाचं काम करायची, वडील नव्हते.

दोन-तीन दिवसांनी डबा खाताना मास्तरांनी मला एक झेरॉक्स दाखवली. ओळखीच्या वकिलाकडून आणली होती. केरळातल्या शाळकरी भावंडांचा, देशातल्या सगळ्यात वरच्या कोर्टाचा जुना निकाल. मुलं आदरानं उभी राहत होती, श्रद्धेमुळं गात नव्हती, म्हणून त्यांना शाळेतून काढता येणार नाही, असा.

“कोर्टानं बी तेच म्हटलंय बघा,” मास्तर म्हणाले. मुलाला बक्षीस मिळाल्यासारखा त्यांचा चेहरा झाला होता. “पाय माझे. तोंड ज्याचं त्याचं.”

एस्तरची जागा त्यांनी दुसऱ्या रांगेत, स्वतःपासून चार पावलांवर केली. मुलांनी चिडवायला सुरुवात केली तेव्हा तळवा खाली केला. चिडवणं थांबलं.

पुढच्या वर्षी सरकारचा आदेश आला की प्रार्थनेला रोज संविधानाची प्रस्तावना म्हणायची. एकानं माइकवर सांगायची, बाकीच्यांनी मागून म्हणायची. सांगायला खणखणीत आवाजाचं पोर हवं होतं. मास्तरांनी एस्तरला निवडलं. कन्नडातले ते लांबलचक शब्द ती असे उच्चारायची की भाषा शिकवणारे आमचे सरसुद्धा मान डोलवायचे. विचाराचं, श्रद्धेचं, उपासनेचं स्वातंत्र्य, सगळं ती सगळ्या शाळेकडून वदवून घ्यायची, माइक बाजूला द्यायची, आणि मग राष्ट्रगीत सुरू झालं की मिटल्या ओठांनी उभी राहायची. हे रोज सकाळी सगळ्यांसमोर चालायचं आणि कुणालाही त्यात काही वावगं दिसत नव्हतं. मला तर त्या पाच मिनिटांसाठी वेळेवर यावंसं वाटायचं, आणि मी वेळेवर येणारी बाई नव्हे.

दोन वर्षं अडीच महिने असे गेले.

एस्तर दहावीत असताना पंधरा ऑगस्टला कुणा पालकानं मोबाइलवर कार्यक्रमाचं चित्रण केलं. प्रस्तावना सांगणारी मुलगी म्हणून कॅमेरा एस्तरवर होता. तो राष्ट्रगीतातही तिच्यावरच राहिला. संध्याकाळपर्यंत ते चित्रण पालकांच्या ग्रुपवर, रात्रीपर्यंत शाळा समितीच्या अध्यक्षांकडं. नव्या मुख्याध्यापिका मॅडम जूनमध्येच बदलून आलेल्या. वाईट नव्हत्या, पण फोन वाजला की दचकायच्या. त्यांनी एस्तरला बोलावून सांगितलं, माफी लिहून दे आणि सोमवारी माइकवर राष्ट्रगीत म्हण. नाहीतर आईला घेऊन ये आणि दाखला घेऊन जा. दहावीच्या मध्यात दाखला म्हणजे वर्ष पाण्यात. पोरगी पाण्यात पडतेय हे मला दिसत होतं.

ती माझ्याकडं आली. माफी लिहिणार नाही, पण जे आहे ते कसं लिहायचं कळत नाही, म्हणाली. मी तिला कन्नडात पत्र लिहून दिलं. मी उभी राहते, मला देशाचा आदर आहे, श्रद्धेमुळं गात नाही, आणि कोर्टानं असं असं म्हटलं आहे. तिनं ते आपल्या अक्षरात उतरवून मॅडमना दिलं. सोमवारी ती गायली नाही, आणि चौकशी लागली.

डबा खाताना मी मास्तरांना मराठीत म्हटलं, “पत्र मी लिहून दिलंय, मास्तर. कुणाला बोलू नका.”

“मी कशाला बोलतोय?” त्यांनी चपातीचा तुकडा मोडला. “आणि तुम्ही घाबरायलाय कशाला? मी हाय की.”

ते होते म्हणूनच तर धीर होता. चौकशीत प्रश्न एकच येणार हे आम्हाला ठाऊक होतं. ही मुलीची खरी श्रद्धा, की कुणी तरी शिकवून पाठवलेलं नाटक? तिची आई काय, आईसारखं बोलणार. बाकीच्या शिक्षकांनी “आम्ही कधी लक्ष दिलं नाही” असं सांगून टाकलं होतं. साडेचारशे पोरांच्या तोंडाकडं रोज बघणारा माणूस एकच. त्यानं सांगितलं की ही आठवीपासून अशीच उभी राहते, मला विचारून, माझ्या परवानगीनं, शिस्त न मोडता, तर पुढं कुणाला काही बोलायला जागा नव्हती.

मास्तर कन्नड फर्डं बोलायचे, पण सरकारी कागद आधी मराठीत कच्चा लिहायचे, मग कन्नडात पक्का. रजेचा अर्ज असो की व्हॉलीबॉलच्या जाळ्याची मागणी. “डोकं मराठीत चालतंय, हात कन्नडात,” म्हणायचे. कच्चा कागद तपासायला माझ्याकडं यायचा. हाही आला. चौकशीच्या आदल्या दिवशी, वहीच्या फाडलेल्या पानावर, त्यांच्या त्या मुंग्या चालल्यासारख्या अक्षरात. मी वाचला. सगळं होतं. “सदर विद्यार्थिनी इयत्ता आठवीपासून माझ्या परवानगीने राष्ट्रगीताच्या वेळी मौन उभी राहते.” मी फक्त ‘मौन’च्या पुढं ‘व आदराने’ घातलं. मास्तर खूश झाले. मी पान परत देऊ लागले तर म्हणाले, “राहू दे तुमच्याकडं. पक्का घरी लिहितो. तोंडपाठ हाय मला.”

दुसऱ्या दिवशी मॅडमच्या खोलीत तिघं बसले होते. मॅडम, समितीचे अध्यक्ष आणि खात्यातले एक साहेब. आधी मास्तर आत गेले. वीस मिनिटांनी बाहेर आले आणि माझ्याकडं न बघता नळावर पाणी प्यायला गेले. मला आत बोलावलं.

साहेबांनी मास्तरांचा पक्का कागद माझ्यापुढं सरकवला. सुंदर कन्नड अक्षर. त्यात आठवी नव्हती. परवानगी नव्हती. कोर्टाची झेरॉक्स नव्हती. विद्यार्थिनीचं पत्र तिचं स्वतःचं नाही, ते गणिताच्या शिक्षिकेनं लिहून दिलं आहे आणि तसं तिनं मला स्टाफरूममध्ये स्वतः सांगितलं, असं होतं. खाली माझं वाक्य होतं. माझं मराठी वाक्य, जसंच्या तसं, कन्नड लिपीत: पत्र मी लिहून दिलंय मास्तर कुणाला बोलू नका. आणि कंसात त्याचं कन्नड भाषांतर.

‘कुणाला बोलू नका’सुद्धा गाळलं नव्हतं.

“हे तुम्ही म्हणालात?” साहेबांनी विचारलं.

“म्हणाले.” मी पर्स उघडली. “पण मुलगी आठवीपासून गात नाही. मास्तरांनीच परवानगी दिली होती. हा त्यांच्या हातचा कच्चा कागद बघा.” मी पर्समधून पान काढून टेबलावर ठेवलं.

साहेबांनी ते उलटसुलट केलं. “इदु याव भाषे?” ही कुठली भाषा? मॅडमनी दोन अक्षरं लावून बघितली आणि मान हलवली. हिंदीच्या शिक्षकांना बोलवा, त्यांना लिपी तरी येईल, असं मी म्हणणार होते. पण आमच्या शाळेत हिंदीची जागा दोन वर्षं रिकामी होती. मी वाचून दाखवते म्हटलं, तर अध्यक्ष हसले. आरोप जिच्यावर तीच दुभाषी!

“ज्यांनी लिहिलं तेच वाचतील,” साहेब म्हणाले, आणि मास्तरांना परत बोलावलं.

मास्तरांनी चष्मा पुसला. पान हातात घेतलं. मी समोर उभी होते, पान मला पाठ होतं. ते मराठीतलं एकेक वाक्य बघून कन्नडात सांगू लागले. मी या शाळेत इतकी वर्षं शारीरिक शिक्षण शिकवतो. बरोबर. प्रार्थनेची जबाबदारी माझ्याकडं आहे. बरोबर. मग त्यांचे डोळे तिसऱ्या ओळीवर आले. ते तिथं थांबलेले मला दिसले. माझ्या निळ्या पेनातलं ‘व आदराने’ त्याच ओळीवर होतं.

“विद्यार्थिनीची वर्तणूक एरवी चांगली आहे,” मास्तर कन्नडात म्हणाले. “इतकंच. बाकी खाडाखोड आहे, सर.”

“खोटं आहे हे!” मी ओरडले. मराठीत ओरडले. त्या खोलीत ते फक्त एका माणसाला कळलं, आणि त्यानं पानाची चार घड्या घालून ते शर्टाच्या खिशात ठेवलं. मला परत दिलं नाही. त्याचा फोटो काढून ठेवायचं मला सुचलं नव्हतं. आपल्या माणसानं आपल्या भाषेत लिहून दिलेल्या शब्दाचा कुणी फोटो काढून ठेवतं का?

मग एस्तरला बोलावलं. साहेब तिच्याशी गोड बोलले. बाळ, टीचरनी सांगितलं म्हणून तू गात नाहीस ना? तसं असेल तर तुझी काही चूक नाही. तिला वाट करून दिली होती. हो म्हटलं असतं तर ती सुटली असती, आणि खरं सांगते, त्या क्षणी तिनं हो म्हणावं असं मलाही वाटलं.

“पत्र मिसनी लिहून दिलं,” एस्तर म्हणाली. “न गाणं माझं आहे. मी आठवीपासून गात नाही. सरांना विचारा. त्यांनीच मला जागा दिली.”

सगळे मास्तरांकडं वळले. मास्तर तिच्या मानेकडं बघत होते. मान ताठ होती.

“नेनपिल्ल, सर,” ते म्हणाले. आठवत नाही.

निकाल सोपा झाला. श्रद्धा असती तर कोर्टाचा निकाल लागू झाला असता; ही शिक्षिकेनं दिलेली चिथावणी आहे, सबब लागू नाही. माफी आणि राष्ट्रगीत, नाहीतर दाखला. एस्तरच्या आईनं शुक्रवारी येऊन दाखला नेला. अंगावर दवाखान्याचाच गणवेश होता, रजा मिळाली नसावी. दाखल्यावर कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं, ‘पालकांच्या विनंतीवरून’.

मास्तरांनी मला जिन्यात गाठलं.

“पोरगीला वाचवायलाच केलं की ओ मी,” ते दबक्या आवाजात म्हणाले. “बाईंनी शिकवलं म्हणाली असती तर सुटली असती. तुमाला एक मेमो. मेमोनं कोण मरतंय? मला काय ठाऊक ती असं बोलंल!”

“आणि तुमची परवानगी? ती कुठं गेली?”

त्यांनी मागं वळून जिना रिकामा असल्याचं बघितलं. “आपण बाहेरचे, बाई. तीस वर्षं झेंड्याची दोरी माझ्या हातात हाय. उद्या ह्यांनी म्हटलं असतं, निपाणीचा मराठी मास्तर पोरांना राष्ट्रगीत म्हणू देत न्हाई. एवढं नाव झालं की पुसत न्हाई ओ ते. मी खोटं काय लिहिलं सांगा. तुम्ही म्हटलेलंच लिहिलं.”

भीती मला कळत होती. मीही सीमेकडचीच आहे. दुकानात मराठी तोंडातून निसटली की मीही इकडंतिकडं बघते. पण आपली भीती झाकायला त्यांनी माझं बोलणं वापरलं, तेही चपाती मोडता मोडता ऐकलेलं. माझ्यावर आळ घेतला याचं दुःख कमी होतं. ज्या एकाच माणसाशी मी या शहरात मोकळं बोलले, तो सगळं ध्यानात ठेवत होता, याचं जास्त. घरात घेतलेल्या माणसानंच आतली कडी काढून द्यावी, तसं झालं.

“आयतु, सर,” मी म्हटलं. झालं, सर. कन्नडात.

त्या दिवसापासून मी मास्तरांशी मराठीत बोलले नाही. मेमो आला, बदली शहराबाहेर देवनहळ्ळीच्या पलीकडं झाली, तिचा हुकूम येईपर्यंतचे पाच आठवडे मी त्यांच्याशी अगदी सभ्य, आदरार्थी कन्नडात बोलत होते. ते खिडकीजवळच्या खुर्चीत बसून “बाई, आज मेथी हाय, घ्या की” म्हणायचे. मी “बेड, सर” म्हणायचे, नको. पहिल्या दिवशी ते हसले, थट्टा समजून. पुढं त्यांचा चेहरा उतरत गेला. मला बरं वाटायचं. खोटं कशाला बोलू? त्यांना मारायला मला दुसरं काही शोधूनही सापडलं नसतं.

शेवटच्या दिवशी ते फाटकापर्यंत आले. रिक्षात माझ्या वह्यांचं खोकं त्यांनीच ठेवलं. “एकदा तरी बोला की, बाई,” म्हणाले. मी रिक्षावाल्याला म्हटलं, “होगोण.” चला.

नव्या शाळेत जायला मला दोन बस लागतात. प्रार्थनेला मी हल्ली मुद्दाम उशिरा पोचते.

एस्तर मला पुढच्या उन्हाळ्यात इंदिरानगरला दिसली. भाचीच्या वाढदिवसाचा केक आणायला गेले होते. काचेमागं टोपी घातलेली मुलगी खोक्याला रिबीन बांधत होती. “नमस्ते मिस,” ती म्हणाली. तोच आवाज. मधल्या वर्षात कुठल्याही शाळेनं घेतलं नव्हतं. आईचा गुडघा गेला होता. बाहेरून परीक्षा देईन म्हणाली, पण फॉर्मची तारीख तिला ठाऊक नव्हती, आणि मागं मॅनेजर उभा होता. मी नंबर लिहून दिला. तिनं तो खिशात ठेवला आणि विचारलं, “पीटी सर कसे आहेत?” त्या पोरीला मी काय उत्तर दिलं ते मला आठवत नाही. फोन तिनं केला नाही. महिन्याभरानं गेले तर दुकानात दुसरीच मुलगी होती, आणि एस्तर कुठं गेली ते कुणाला सांगता आलं नाही.

मास्तर निवृत्त झाले आणि वर्षभरात गेले. मला वहिनींचा फोन आला, अकराव्या दिवशी. मी जाणार नव्हते. जायचं नाही असं चपला घालेपर्यंत म्हणत होते.

घरात मुलगा-सून पाहुण्यांत होते. वहिनी आतल्या खोलीत एकट्या, भिंतीला टेकून. समोर स्टुलावर मास्तरांचा फोटो, निवृत्तीच्या समारंभातला, फेट्यातला. मला बघून त्या आधी रडल्या, मग चहा सांगितला, मग माझा हात धरून बसल्या. कितीतरी दिवसांत मराठी ऐकली नव्हती म्हणाल्या.

“तुमची लई आठवण काढायचे. बाईंनी माझ्याशी मराठी सोडली, मग बदलून गेल्या आणि माझं तोंड बंद झालं, म्हणायचे. मुलगा इंग्रजीत, सून कन्नडात, आणि माझ्याशी काय बोलणार, मी अडाणी.” त्यांनी नाक पुसलं. “पर शेवटी शेवटी एकच सांगायचे. शाळेत एका पोरीवर बालंट आलं होतं म्हणे, कुठलं गाणं न म्हटल्याचं. ह्येंनी साहेबापुढं उभं राहून तिची बाजू घेतली, तिला दुसऱ्या चांगल्या शाळेत घातली. रोज सांगायचे ओ. जेवताना सांगायचे, औषध घेताना सांगायचे. मी म्हणायची, कळलं की, किती डाव सांगशीला!”

चहा आला. मी कप हातात घेतला. तो नुसताच धरून बसले.

मला त्यांना सगळं सांगता आलं असतं. शब्द सगळे तयार होते, दोन वर्षं तयार होते, आणि या शहरात ते समजून घेणारं माणूस माझ्यासमोर, माझा हात धरून बसलं होतं.

“तुम्ही होता ना तिथं?” वहिनी म्हणाल्या. “काय नाव तिचं? एस्तर. शिकती ना पोरगी आता?”

“होय, वहिनी,” मी म्हटलं. “शिकते की.”

वहिनींनी पदरानं डोळे टिपले आणि फोटोकडं वळल्या.

“ऐकलं काय ओ?” त्या म्हणाल्या. “बाई मराठीत बोलल्या बघा.”